नाशिकची सहल : द्राक्षबागा, वाइन, गोदाघाट आणि शहर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला जाऊन आल्यावर परिचित मंडळी जे प्रश्न विचारतात आणि जाण्यापूर्वी प्रवाशाच्या मनात ज्या शंका येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांतील मते एका प्रवाशाची आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा वरचेवर बदलत असल्यामुळे ते आकडे मुद्दाम दिलेले नाहीत.

नाशिकला वाइनसाठी जावे की देवदर्शनासाठी?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा संकोच असतो. रामकुंडावर ज्या दिवशी स्नान करायचे, त्याच दिवशी संध्याकाळी वाइनचा पेला हाती घेणे बरे दिसेल का, असे त्याला विचारायचे असते. ज्याला हे रुचत नाही त्याने दिवस वेगळे ठेवावेत. त्यात अवघड असे काही नाही. परंतु नाशिककर स्वतः या दोन गोष्टींमध्ये फार मोठी भिंत उभी करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. गंगापूर धरणात अडवलेली गोदावरीच पुढे रामकुंडात येते आणि त्याच धरणाच्या परिसरात द्राक्षबागा आहेत. तेथे बाग लावणारा शेतकरी एकादशीही करतो आणि वायनरीशी करारही करतो. म्हणून या गावाकडे ‘तीर्थक्षेत्र’ किंवा ‘वाइनची राजधानी’ अशा एकाच पाटीखाली पाहू नये. हे मुळात शेतीच्या पैशावर उभे राहिलेले एक जुने शहर आहे. हे ध्यानात ठेवले, तर दोन्ही बाजू नीट पाहता येतात.

किती दिवस लागतात?

दोन पूर्ण दिवस आणि एक मुक्काम हे किमान. मुंबईहून सकाळी निघून, एक वायनरी उरकून, रात्री परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पण त्यांना नाशिक दिसत नाही, कसारा घाट मात्र दोनदा दिसतो. शिर्डी, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंग गड आणि वायनरी हे सारे एकाच शनिवार-रविवारात बसवण्याचा आग्रह तर धरूच नये.

कोणत्या महिन्यात जावे?

द्राक्षे पाहायची असतील तर जानेवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात हा काळ उत्तम आहे. याच दिवसांत वाइनच्या द्राक्षांची काढणी चालते, वायनरीची यंत्रे प्रत्यक्ष सुरू असतात आणि काही ठिकाणी पाहुण्यांना पायाने द्राक्षे तुडवण्याची हौसही भागवता येते. वर्षातील इतर महिन्यांत तीच वायनरी पाहिली तर टाक्या स्वच्छ धुऊन ठेवलेल्या असतात आणि मार्गदर्शक जे सांगेल त्यावर समाधान मानावे लागते.

पावसाळ्याचे आकर्षण वेगळे आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि इगतपुरीकडचे डोंगर तेव्हा हिरवेगार होतात, धबधबे वाहू लागतात. मात्र वेलीवर घड नसतो. पावसाळ्यात गेलेले अनेकजण ‘द्राक्षे कुठे आहेत?’ असे विचारतात. त्याचे उत्तर पुढील प्रश्नात आहे.

एप्रिल-मे मध्ये दुपारचे ऊन कडक असते. त्या दिवसांत बाहेर फिरण्याचे बेत सकाळी दहाच्या आत संपवावेत.

वाइनची द्राक्षे नाशिकलाच का पिकतात? थंड देशांतले पीक येथे कसे रुजले?

या विषयावर थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वायनरीच्या फेरफटक्यात हा भाग बहुधा घाईने आटोपला जातो.

युरोपात हिवाळ्यात द्राक्षवेल झोपी जाते, वसंतात फुटते आणि तिचे पीक साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात काढले जाते. आपल्याकडे वेलीला झोप आणणारी थंडी पडतच नाही. त्यामुळे वेलीचे वर्ष शेतकरी स्वतः कात्रीने आखतो. उन्हाळ्यात, साधारण एप्रिलमध्ये, खरड छाटणी होते. तीतून नव्या काड्या तयार होतात आणि त्यांच्या डोळ्यांत (अंकुरांत) पुढच्या घडांची तयारी होते. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी होते आणि तिच्यातून प्रत्यक्ष फळ येते. म्हणजे छाटण्या दोन आणि पीक एक. घड पावसाळ्यात धरला तर भुरी आणि केवडा हे रोग त्याला जगू देणार नाहीत. म्हणून पिकाचा सगळा काळ कोरड्या हिवाळ्यात ओढून आणण्याची ही पद्धत येथील शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांवर आधीच पक्की केली होती. वाइनची द्राक्षे आली तेव्हा तंत्र तयार होते आणि हातही तयार होते.

दुसरे कारण उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री चांगली थंडी असा फरक येथे पडतो. निफाडचे तापमान तर थंडीच्या दिवसांत राज्यातल्या नीचांकी आकड्यांत वारंवार छापून येते. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यामुळे त्यातील आंबटपणा टिकून राहतो. नुसती साखर असलेल्या द्राक्षाची वाइन बेचव होते, त्यामुळे या आंबटपणाला मोल आहे. अवकाळी पाऊस मात्र हा सगळा हिशेब एका रात्रीत मोडू शकतो, आणि गेल्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा मोडला आहे.

वाइनची द्राक्षे आणि बाजारात मिळणारी द्राक्षे यांत काय फरक असतो?

बाजारातील थॉम्पसन, सोनाका, शरद या जातींचे मणी मोठे, पातळ सालीचे आणि बिनबियांचे असावेत अशी अपेक्षा असते. वाइनच्या द्राक्षांचे मणी लहान असतात, साल जाड असते आणि आत बिया असतात. लाल वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा सालीतून व बियांतूनच येतो. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, झिनफँडेल आणि टेंप्रानियो या येथील लाल वाइनच्या जाती, तर शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या. खाण्याच्या द्राक्षांची वेल बहुधा मांडवावर चढवलेली दिसते, वाइनची वेल उभ्या तारांच्या रांगांवर. रस्त्यावरून जाताना एवढ्यावरूनही बाग ओळखता येते. वाइनसाठी एकरी उत्पादन जाणूनबुजून कमी ठेवतात. म्हणून वाइनची द्राक्षे लावणारा शेतकरी सहसा वायनरीशी आधी भाव ठरवून करार करतो. खुल्या बाजारात या द्राक्षाला गिऱ्हाईक नसते.

हा उद्योग येथे केव्हा सुरू झाला?

महाराष्ट्रातील आधुनिक वाइनची पहिली ठळक खटपट नाशिकची नव्हे, पुणे जिल्ह्यातील नारायणगावची. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी तेथे फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन तयार केली होती. नाशिकची कथा त्यानंतरची आहे. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीतील नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर परिसरातील वडिलोपार्जित जमिनीवर वाइनच्या जाती लावल्या आणि ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

या वाढीचा आलेख सरळ नाही. धोरणाच्या उत्साहात अनेक छोट्या वायनरी निघाल्या आणि त्यांतील बऱ्याच विक्रीअभावी थंडावल्या. वाइन करणे हे अर्धेच काम असते आणि विकणे हे उरलेले अर्धे, याची जाणीव अनेकांना उशिरा झाली.

कोणत्या वायनरी पाहाव्यात?

पहिल्यांदाच जाणाऱ्याने गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरीपासून सुरुवात करावी. सुला तेथेच गोवर्धन शिवारात आहे. २००५ मध्ये तिने पाहुण्यांसाठी चाखण्याचे दालन उघडले आणि भारतात वाइन पर्यटन असे ज्याला म्हणता येईल त्याचा पाया तेथे घातला गेला. व्यवस्था चोख आहे, पण सुट्टीच्या दिवशी गर्दी इतकी असते की द्राक्षबागेपेक्षा माणसेच अधिक दिसतात. शक्य असल्यास मंगळवार-बुधवार गाठावा. जवळच यॉर्क आहे. २०२१ मध्ये सुलाने ती विकत घेतली. जागा लहान आहे, गच्चीवरून धरणाच्या पाण्याकडे पाहत बसता येते आणि प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला कोणाला तरी सवड असते. सोमा वाइन व्हिलेजही याच बाजूला आहे.

इगतपुरी तालुक्यातील वायनरी वेगळ्या प्रकृतीच्या आहेत. कावनईजवळची व्हॅलोने आणि सांजेगावची ग्रोव्हर झांपा या दोन्ही मुंबईहून येताना वाटेवर पडतात. ज्याला गर्दी आणि संगीत नको आहे, त्याने व्हॅलोनेला जावे, असे मी सुचवेन. दिंडोरी तालुक्यात शाँदों या फ्रेंच नावाची फेसाळ वाइन तयार होते. गंगापूर परिसर सोडून इतरत्र कोठेही जायचे असल्यास आधी दूरध्वनी करून वेळ ठरवून घेणे आवश्यक आहे.

एका दिवसात दोन वायनरी पुरेत. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही.

वायनरीच्या फेरफटक्यात नेमके काय दाखवतात?

साधारण अर्ध्या ते पाऊण तासात द्राक्षे उतरवण्याची जागा, मणी देठापासून वेगळे करणारे यंत्र, रस काढणारे दाबयंत्र, पोलादी टाक्या आणि ओक लाकडाच्या पिंपांची थंड खोली दाखवतात. टाक्यांभोवतीच्या थंडगार आवरणाकडे विशेष लक्ष द्यावे. रसाचे आंबवण ताब्यात ठेवून वाइन घडवायची असते. पांढऱ्या वाइनचा रस कमी तापमानाला सावकाश आंबला नाही तर तिचा वास उडून जातो. आपल्या हवेत हे काम विजेवर चालणाऱ्या शीतकरणाशिवाय होऊ शकत नाही. युरोपातील तळघरांच्या छायाचित्रांवरून मनात घडवलेले चित्र येथे जुळणार नाही, आणि ते जुळावे अशी अपेक्षाही करू नये. पांढऱ्या वाइनमध्ये आधी दाबून साल बाजूला काढतात आणि मग रस आंबवतात. लाल वाइनमध्ये सालीसकट आंबवतात. एवढे एक सूत्र लक्षात घेऊन फेरफटका केला, तर प्रत्येक यंत्र तेथे का आहे हे आपोआप उलगडत जाते.

वाइन कधीच चाखलेली नाही. तेथे हसे होईल का?

होणार नाही, तेथे येणाऱ्यांपैकी मोठा भाग तुमच्यासारखाच असतो. चार ते सहा प्रकार, प्रत्येकी घोट-दोन घोट असे दिले जातात. हलक्या पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करून जड लाल वाइनकडे जाण्याचा क्रम असतो. पेला दांड्याला धरावा, म्हणजे हाताच्या उष्णतेने वाइन तापत नाही. थोडा फिरवावा, वास घ्यावा आणि घोट लगेच न गिळता तोंडात खेळवावा. न आवडलेली वाइन ओतून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि ते वापरण्यात कोणताही अवमान नाही. मार्गदर्शक पेरू, हिरवी मिरची, मिरी, जांभूळ असे वास सांगत जातो. ते आपल्याला आलेच पाहिजेत असे नाही. न आलेल्या वासाला मान डोलावणारे पाहुणे मात्र प्रत्येक खेपेस दिसतात.

घरी प्यायची झाल्यास पांढरी वाइन चांगली गार आणि लाल वाइन साधारण १६ ते १८ अंश सेल्सियसला असावी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम ज्या देशांत झाला, तेथील खोल्या थंड असतात. मे महिन्यातील आपल्या घरी लाल वाइनही थोडा वेळ शीतकपाटात ठेवणेच योग्य.

मराठी जेवणाबरोबर वाइन जाते का?

जाते, पण निवड करावी लागते. तिखटाबरोबर जड, तुरट लाल वाइन घेतली तर तिखट अधिक झोंबते आणि वाइन कडू लागते. किंचित गोडसर शनँ ब्लाँ मसालेदार भाजीबरोबर, तळलेल्या मासळीबरोबर, अगदी कोथिंबीर वडीबरोबरही चांगली लागते. मटणाच्या काळ्या रश्शाबरोबर शिराझ घेऊन पाहावी. मिसळीबरोबर कोणतीच वाइन घेऊ नये. मिसळीला ताक हवे.

आम्ही मद्य घेत नाही. आई-वडील आणि मुलेही सोबत आहेत. तरी जावे का?

फेरफटका जरूर घ्यावा. शेतीशी संबंध असलेल्या ज्येष्ठांना तो तरुणांपेक्षा अधिक आवडतो. सांगली किंवा निफाडकडचे कोणी बागायतदार सोबत असतील तर ते मार्गदर्शकालाच छाटणी आणि खुंटावरून (ज्या मुळावर कलम बांधतात त्यावरून) प्रश्न विचारू लागतात, आणि तो संवाद ऐकण्यासारखा असतो. वायनरींच्या उपाहारगृहांत मद्यविरहित पेये आणि शाकाहारी जेवण मिळते. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी मात्र काही ठिकाणी मोठ्या आवाजात संगीत चालते; कुटुंबासह जाणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी.

वय, परवाना आणि ड्राय डे यांबाबत काय लक्षात ठेवावे?

महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा धरली जाते. ओळखपत्र जवळ असावे. राज्यात मद्य बाळगणे आणि पिणे या गोष्टी १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत येतात आणि परवान्याची पद्धत तेथूनच आली आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे ठरलेले आहेत. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि निवडणुकीचे दिवस यांचीही आधी चौकशी करावी. २६ जानेवारी ऐन हंगामात येते. जोडून सुट्टी मिळाली म्हणून दरवर्षी कितीतरी कुटुंबे त्या दिवशी वायनरीच्या दारात पोहोचतात आणि नुसती बाग पाहून परततात.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दालनांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्याला विरोध केला. शेतकऱ्याच्या मालाला बाजार मिळावा की घराजवळच्या दुकानात मद्य येऊ नये, हा वाद तेव्हा घराघरांत झाला आणि नाशिकमध्ये आजही त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे भेटतात.

स्वतःची गाडी घेऊन वायनरीत जावे का?

गाडी चालवणारा चाखणार नसेल तर जावे. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. भाड्याची गाडी येण्या-जाण्यासाठी आधीच ठरवावी. गंगापूर धरणाच्या बाजूला संध्याकाळी परतीची रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नये.

गोदाघाटावर काय पाहावे?

सकाळी सहा-साडेसहाला रामकुंडावर पोहोचावे. दहानंतर तेथे गर्दी, वाहने आणि पूजेसाठी आग्रह करणारे लोक यांमुळे निवांतपणा राहत नाही. नदीच्या पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती हा नाशिककरांचा पूरमापक आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, यावरून पुराची तीव्रता सांगितली जाते आणि वर्तमानपत्रेही तशीच बातमी देतात. काठावरचे नारोशंकराचे मंदिर त्याच्या मोठ्या घंटेसाठी प्रसिद्ध आहे. पलीकडच्या काठावर सुंदरनारायण मंदिर आहे आणि दोन्हींचे दगडी कोरीवकाम मान वर करून सावकाश पाहण्यासारखे आहे.

तेथून पंचवटीतील काळाराम मंदिरात पायी जाता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी हे काळ्या दगडाचे मंदिर बांधले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो दादासाहेब गायकवाड आदी स्थानिक कार्यकर्त्यांनी पुढे काही वर्षे चालवला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पैठणीच्या खरेदीसाठी येवल्याला जाणाऱ्यांनी मुक्तिभूमी, म्हणजे त्या घोषणेची जागाही, पाहावी. पंचवटीत केवळ रामायणातील स्थळे दाखवणारे मार्गदर्शक हा इतिहास वगळतात, ही उणीव मला नेहमी खटकते.

पांडवलेणी पाहण्याजोगी आहेत का? चढण फार आहे का?

साधारण वीस मिनिटांची पायऱ्यांची चढण आहे आणि ती करण्याजोगी निश्चित आहे. त्रिरश्मी डोंगरातील या २४ बौद्ध लेण्यांचा पांडवांशी संबंध नाही. लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून घेतली आहे. लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे आणि माझ्या दृष्टीने तो अधिक रंजक आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल खर्च करायचे नाही, व्याजच वापरायचे, असेही त्यात स्पष्ट केले आहे. लेखातील गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचे आजचे गोवर्धन, असे मानले जाते. ज्या शिवारात आता वाइनच्या टाक्या उभ्या आहेत, तेथे सुमारे १९०० वर्षांपूर्वी विणकरांच्या संघटना ठेवी स्वीकारत होत्या, हे कळल्यावर वायनरीकडे जाणारा रस्ता निराळा वाटू लागतो. म्हणून लेणी आधी पाहावीत आणि वायनरी नंतर.

पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला.

शहर म्हणून नाशिक कसे वाटते?

दोन नाशिके आहेत. रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार आणि मेन रोड या भागात वाडे, उतार, अरुंद बोळ आणि तांब्या-पितळेची दुकाने आहेत. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर रुंद पदपथ, कॉफीची दुकाने आणि रात्री उशिरापर्यंत फिरणारी तरुण मंडळी दिसतात. दोन्हींमध्ये पंधरा मिनिटांचे अंतर आहे. मुंबईकराला या शहराची घाई कमी वाटते आणि येथील मूळ रहिवासी मात्र वाढत्या रहदारीबद्दल तक्रार करतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

वाचनाची आवड असणाऱ्याने १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आणि कुसुमाग्रज स्मारक पाहावे. रंगपंचमीच्या दिवशी गेल्यास जुन्या नाशकात रहाडी पाहाव्यात. जमिनीखालचे हे दगडी हौद वर्षभर बुजवलेले असतात. त्या दिवशी ते उकरून रंगीत पाण्याने भरतात आणि लोक त्यांत ‘धप्पा’ मारतात, म्हणजे उंचावरून उडी घेतात. गर्दीची धास्ती असणाऱ्याने वरून पाहणेच बरे.

काय खावे?

मिसळ. नाशिकची मिसळ रश्श्याबरोबर पापड, दही आणि अनेकदा जिलेबी घेऊन येते; शहराच्या कडेला शेतातच बाके मांडून चुलीवरची मिसळ देणारी ठिकाणे आहेत आणि रविवारी सकाळी तेथे सगळे कुटुंब झोपाळ्यांसह मुक्काम ठोकते. परतताना कोंडाजीचा चिवडा घ्यावा. गावातली बुधा हलवाईची जिलेबी गरम असतानाच खावी, बांधून आणू नये. हंगामात द्राक्षे शहरातील दुकानापेक्षा पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या रस्त्यावर घेतलेली ताजी असतात.

शहराबाहेर आणखी काय जोडता येईल?

त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटरवर आहे. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले आजचे मंदिर पाहावे आणि दर्शनाची रांग सोमवारी टाळावी. वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था व संग्रहालय आहे, तेथे फारसे कोणी थांबत नाही, थांबावे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे यादवकाळातील भूमिज या शिखरशैलीचे पंचायतन (मधले मुख्य मंदिर आणि भोवती चार लहान मंदिरे) आहे आणि माझ्या मते संपूर्ण जिल्ह्यातील सर्वांत देखणी वास्तू तीच. सिन्नरलाच गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या बेसाल्टमधून निघालेली स्फटिके मांडली आहेत.

हिवाळ्यात निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर गाठावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे झालेली ही पाणथळ जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा, आहे. रोहित (फ्लेमिंगो) आणि स्थलांतरित बदके पाहायची तर सूर्योदयाला तेथे असले पाहिजे, म्हणजे आदल्या संध्याकाळी वाइन बेतानेच घेतली पाहिजे.

नाशिकला कसे पोहोचावे?

मुंबईहून रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर आणि पुण्याहून सुमारे २१० किलोमीटर अंतर आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. भिवंडी ते ठाणे ही कोंडी मात्र तशीच राहिली आहे. रेल्वेने पंचवटी, तपोवन आणि वंदे भारत या गाड्या सोयीच्या आहेत. नाशिक रोड स्थानक मूळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे, हे मुक्काम ठरवताना लक्षात घ्यावे. तेथून सिटीलिंकच्या बस आणि रिक्षा मिळतात.

सिंहस्थाच्या काळात सहल करावी का?

सिंहस्थासाठीच जायचे असेल तर जावे. मागचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला आणि पुढच्याची मुख्य स्नाने २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. पर्वणीच्या दिवसांत शहराचे रस्ते बंद असतात आणि मुक्कामाचे दर चढलेले असतात. वायनरी व लेणी पाहण्यासाठी तो काळ निवडू नये.

वाइनच्या बाटल्या घरी आणता येतात का?

राज्यात आणता येतात. बिल जपून ठेवावे आणि मर्यादेत घ्याव्यात. बाटल्या बंद गाडीत उन्हात ठेवू नयेत, दोन तासांत वाइन शिजते. रेल्वेने परतणार असाल तर खरेदीपूर्वीच रेल्वेचे नियम पाहावेत. राज्याबाहेर नेताना त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो. सापुताऱ्यामार्गे सुरतेकडे जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि सीमेवर गाड्या तपासल्या जातात. तिकडून येणारे बरेच पाहुणे म्हणूनच नाशिकमध्ये मुक्काम करतात आणि परतताना चिवडा व मनुके घेऊन जातात.